किमो चालू असताना तेल तोडू नका

हल्ली कॅन्सरच्या पेशंटसोबत आलेलं माणूस खुर्चीवर टेकायच्या आत सांगतं, "मॅडम, तेल-तूप पूर्ण बंद केलंय घरात." सांगताना चेहऱ्यावर थोडं समाधान असतं. एवढ्या मोठ्या आजारात निदान एवढं तरी आपल्या हातात आहे, असं ते समाधान. मला ते दिसतं, म्हणूनच पुढचं बोलणं जड जातं.

मी सोलापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत तोंडाचा, जिभेचा, घशाचा कॅन्सर झालेले पुष्कळ असतात. तंबाखू-चुना, मावा आणि मिश्री आपल्याकडे कशी चालते ते सोलापूरकरांना मी नव्याने सांगायला नको. या लोकांच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत फिरत येतो: कॅन्सरच्या गाठीला चरबी लागते, चरबी तोडा, गाठ उपाशी मरेल. यातला पहिला भाग खरा आहे. संशोधकांनी तो सत्तर वर्षांत नाना तऱ्हांनी तपासून पाहिलाय. शेवटचा भाग मात्र खोटा आहे, आणि त्याच्यापायी चांगली चालती-बोलती माणसं वाळत चालली आहेत. पेशंटसमोर दहा मिनिटांत एवढं सगळं बोलून होत नाही, म्हणून इथं सविस्तर लिहितेय.

मध्यंतरी शहराच्या पूर्व भागातलं एक जोडपं आलं होतं. मामा यंत्रमागावर काम करणारे, टॉवेलच्या कारखान्यात. गालाच्या आतल्या बाजूला कॅन्सर, ऑपरेशन झालेलं, रेडिएशन आणि किमो सुरू. वजन करायला उभे राहताना त्यांनी पँटचा पट्टा सावरला. पट्ट्याला कारखान्यातून आलेली भोकं संपून पुढं खिळ्यानं पाडलेली नवी भोकं होती, ओबडधोबड, शेवटचं तर पट्ट्याच्या पार मध्यावर. मावशींनी पिशवीतून डबा काढून माझ्यासमोर उघडला. मी मागितला नव्हता. उकडलेला दुधी, पाण्यात मोकळी शिजवलेली मुगाची डाळ आणि भाकरीचा चुरा. कशावर तेलाचा तवंगही नाही. "शेंगा चटणीसुद्धा बंद केली मी," त्या म्हणाल्या. "गाठीला काही मिळूच द्यायचं नाही."

ज्या घरात शेंगा चटणीशिवाय ताट वाढत नाहीत, तिथं ही केवढी मोठी गोष्ट, ते सोलापूरकरालाच कळेल. त्या बाईनं नवऱ्यासाठी जीव तोडून केलं होतं ते. मी त्यांना आधी तेच म्हणाले, आणि मग पट्ट्याकडे बोट दाखवलं.

आता मूळ मुद्दा. गाठीला चरबी कशाला लागते?

पेशी म्हणजे बाहेरून एक पातळ पडदा आणि आत सगळा कारभार. तो पडदा मुख्यतः मेदाचाच असतो. एका पेशीच्या दोन व्हायच्या तर दुप्पट पडदा लागणार. कॅन्सरची पेशी सारखी दुभंगत असते, म्हणजे तिला मेदाम्लं, म्हणजे मेद ज्यांचा बनतो ते घटक, सारखी हवीत. शिवाय ती जाळून ऊर्जा मिळते, आणि पेशीच्या आत 'वाढ, थांबू नको' असे निरोप नेणारे काही रेणूही मेदापासूनच बनतात. आपल्या शरीरातल्या बहुतेक साध्या पेशी हा मेद रक्तातून, म्हणजे खाण्यातून आलेला घेतात. यकृत, चरबीचा थर, दूध पाजणाऱ्या बाईचा स्तन अशी थोडी ठिकाणं सोडली तर नवा मेद बनवायचं काम फारसं कुठं चालत नाही.

१९५३ साली ग्रेस मेडिस या अमेरिकन जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाठीचे पातळ काप काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून पाहिलं. ते काप स्वतःच मेद तयार करत होते. पुढं १९९४ मध्ये असं लक्षात आलं की स्तनाच्या कॅन्सरमधलं, आजार पुन्हा उलटण्याशी जोडलं गेलेलं एक प्रथिन म्हणजे मेदाम्लं बनवणारं एन्झाइमच आहे, फॅटी ॲसिड सिंथेज. अनेक प्रकारच्या गाठींत हे एन्झाइम जोरात चालतं. कच्चा माल काय, तर साखरेपासून पेशीत तयार होणारे छोटे तुकडे.

म्हणजे तेल बंद करून भात आणि दुधीवर ठेवलेल्या माणसाची गाठ त्या भातापासून स्वतःची चरबी बनवू शकते. मेसेज लिहिणाऱ्याला हे माहीत नसतं.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. माणूस कमी खायला लागला की शरीर साठवलेली चरबी सोडायला लागतं, आणि कॅन्सरमध्ये हे सोडणं आजारामुळेच वाढलेलं असतं. २०११ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ इथल्या गटानं कॅन्सर झालेल्या उंदरांमध्ये चरबी फोडणारं एक एन्झाइम जनुकातूनच काढून टाकलं, तर त्या उंदरांची चरबीही टिकली आणि स्नायूही बऱ्याच अंशी टिकले. म्हणजे कॅन्सरमधलं वाळणं हे नुसतं 'खाल्लं नाही म्हणून' नसतं, शरीराच्या आतून काहीतरी चरबी ओढून बाहेर काढत असतं. त्याच वर्षी शिकागोच्या संशोधकांनी दाखवलं की अंडाशयाचा कॅन्सर पोटातल्या चरबीच्या पडद्यावर इतक्या हट्टानं का पसरतो: तिथल्या चरबीच्या पेशी आपला मेद कॅन्सरच्या पेशींच्या हवाली करतात, आणि त्या तो जाळून वाढतात.

तेव्हा ताटातलं तेल काढलं तरी गाठीपुढचं ताट रिकामं होत नाही. ती माणसाच्या अंगावरचं खाते. खिळ्यानं पाडलेली भोकं वाढतात ती अशी.

इथपर्यंत गोष्ट गाठीची झाली. प्रतिकारशक्तीची बाजू मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण लोक ती पूर्ण विसरतात. मेदावर जगणारी गाठ एकटी नसते. गाठीशी लढणाऱ्या पेशीही त्याच पंगतीत बसलेल्या असतात, आणि वाढपी एकच असतो.

मारक टी-पेशी, म्हणजे कॅन्सरची पेशी ओळखून तिला संपवणाऱ्या पेशी, लढाईच्या ऐन भरात साखर जास्त वापरतात. पण लढाई संपल्यावर ज्या थोड्या 'स्मृती' धरून मागं राहतात, वर्षानुवर्षं पहारा देतात, त्यांना मेद जाळता आला पाहिजे. २००९ मध्ये एरिका पिअर्स यांच्या कामातून हे पुढं आलं: मेद जाळण्याची सोय बिघडलेल्या टी-पेशी लढतात ठीक, पण स्मृती-पेशी म्हणून टिकत नाहीत.

२०२० मध्ये हार्वर्डमधल्या मार्सिया हेगिस आणि आर्लीन शार्प यांच्या गटांनी उंदरांना भरपूर चरबीचा आहार देऊन लठ्ठ केलं आणि मग गाठीच्या आत डोकावून पाहिलं. आपल्याला वाटेल, बाहेर एवढी चरबी तर आतही सगळ्यांना रेलचेल असणार. झालं उलटंच. कॅन्सरच्या पेशींनी स्वतःत बदल करून घेतला, पीएचडी-३ नावाचं एक प्रथिन कमी केलं, आणि आजूबाजूचा मेद अधाशासारखा ओढून घेतला. टी-पेशींच्या वाट्याला कमी आला, त्या दुबळ्या पडल्या आणि गाठ वेगानं वाढली. कॅन्सरच्या पेशींत ते प्रथिन पुन्हा वाढवलं, तेव्हा मेदाची वाटणी बदलली आणि टी-पेशी कामाला लागल्या. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुन्हा वर जाऊन वाचलं होतं. चरबी जास्त की कमी, एवढ्याच प्रश्नात आम्ही आहारवाले अडकलेलो असतो. इथं खरा सवाल होता की ती कुणाच्या तोंडात जाते.

टी-पेशींना मिळाला म्हणजे भागलं, असंही नाही. पेशीच्या पृष्ठभागावर मेद आत ओढणारं एक दार असतं, सीडी-३६ नावाचं. गाठीत शिरलेल्या मारक टी-पेशींवर हे दार वाढतं, आणि त्यातून खराब झालेला, ऑक्सिडीकरण झालेला मेदही आत येतो. २०२१ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी दाखवलं की असा मेद भरला की त्या पेशी मारक रसायनं कमी सोडतात आणि निकामी व्हायला लागतात. याच्या उलट टी-पेशींमध्येच एक जात असते, नियामक टी-पेशी. त्यांचं काम प्रतिकारशक्तीला आवर घालणं. एरवी फार गरजेचं काम, नाहीतर शरीर स्वतःवरच उलटेल. पण गाठीच्या आत याच पेशी मारक पेशींना थोपवून धरतात, आणि त्या मेदावर छान पोसल्या जातात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या गटानं २०२० मध्ये उंदरांच्या नियामक पेशींवरचं हे सीडी-३६ दार काढून टाकलं, तर गाठीतला त्यांचा जोर ओसरला आणि गाठीची वाढ मंदावली.

हेच सीडी-३६ तोंडाच्या कॅन्सरमध्ये भेटतं, आणि तिथं आपल्या गावाशी त्याचा थेट संबंध येतो.

बार्सिलोनामध्ये साल्वादोर अझनार बेनिताह यांची प्रयोगशाळा आहे. त्यांनी माणसांच्या तोंडातल्या कॅन्सरच्या पेशी घेऊन उंदरांवर प्रयोग केले. एका गाठीत सगळ्या पेशी सारख्या नसतात. काही थोड्या पेशींवर सीडी-३६ खूप असतं, आणि मानेतल्या गाठींमध्ये, पुढं फुप्फुसात पसरायची सुरुवात याच पेशी करतात. २०१७ मध्ये छापून आलेल्या या कामात त्यांनी सीडी-३६ अडवणारी प्रतिपिंडं दिली आणि पसरणं जवळपास रोखलं गेलं. चरबीचा आहार किंवा पामिटिक आम्ल दिलं तेव्हा मात्र पसरणं वाढलं. २०२१ मध्ये त्याच गटानं पुढचं पाऊल टाकलं. पाम तेलाचा आहार थोडे दिवस देऊन थांबवला, तरी पेशींना त्याची आठवण राहिली आणि त्या नंतरही जास्त पसरत राहिल्या. ओलेइक आणि लिनोलिक या दुसऱ्या मेदाम्लांच्या बाबतीत असं दिसलं नाही.

पाम तेलात सुमारे ४४ टक्के पामिटिक आम्ल असतं. हॉटेलातली भजी, फरसाण, बिस्किटं, बेकरीची खारी यांत पाम तेल बरंच वापरलं जातं. आमच्या घाण्याच्या शेंगदाणा तेलात पामिटिक आम्ल त्या मानानं थोडं, आणि ओलेइक-लिनोलिक मिळून बहुतेक भाग. तर तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटनं पाम तेल टाळावं का? मी टाळायला सांगते. हे प्रयोग उंदरांवरचे आहेत, माणसांत भजी सोडल्यानं कॅन्सर पसरायचा थांबतो असं कुणी सिद्ध केलेलं नाही, हे मी त्याच वेळी सांगते. पण भजी आणि खारी सोडून पेशंटचं काहीच जात नाही, हृदयाचं तर भलंच होतं. घरातलं शेंगदाण्याचं तेल सोडून मात्र पुष्कळ जातं. दोन्ही गोष्टींना 'तेल' हेच नाव, म्हणून एकाच फटकाऱ्यात दोन्ही बंद होतात, याचं मला वाईट वाटतं.

करडईचं बोलायलाच हवं. मी मोहोळ तालुक्यातली. रब्बीत ज्वारीच्या कडेनं करडईच्या ओळी असायच्या, काटेरी, जनावर आत शिरायला धजत नसे. वडील करडई घाण्यावर घेऊन जायचे आणि वर्षाचं तेल घरात यायचं. करडईवरच्या अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचं काम सोलापुरातून चालत आलंय, त्यामुळे हे तेल आपल्याकडे अभिमानाचं आहे. त्याच्या पारंपरिक वाणांत लिनोलिक आम्ल तीन-चतुर्थांशाच्या आसपास असतं.

आता पाहा. २०२३ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं की लिनोलिक आम्ल मिळालेल्या मारक टी-पेशी जास्त ताकदवान होतात, त्यांची ऊर्जा बनवण्याची यंत्रणा सुधारते, थकवा लांबतो. आणि २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेलच्या गटानं दाखवलं की स्तनाच्या 'ट्रिपल निगेटिव्ह' प्रकारात हेच लिनोलिक आम्ल एफएबीपी-५ नावाच्या प्रथिनाला चिकटून पेशीतला वाढीचा एक मोठा खटका चालू करतं. उंदरांत गाठी वाढल्या. स्तनाच्या इतर प्रकारांत हे प्रथिन फारसं नसतं, तिथं असं होत नाही.

एकच मेदाम्ल. एका पेशीत ते लढणाऱ्याला बळ देतं, दुसऱ्या पेशीत गाठीला. म्हणून 'करडईचं तेल कॅन्सरला चांगलं की वाईट?' असं कुणी विचारलं तर मी एका शब्दात उत्तर देत नाही. कुठला कॅन्सर, कुठला प्रकार, उपचार कुठल्या टप्प्यावर, हे कळल्याशिवाय देता येतच नाही. आणि आज तरी कुठल्याही एका तेलाचं नाव औषध म्हणून लिहून द्यावं इतकं आपल्या हातात आलेलं नाही.

तुपाबद्दलही तेच. शिकागो विद्यापीठातल्या जिंग चेन यांच्या गटानं २०२३ मध्ये ट्रान्स-व्हॅक्सेनिक आम्लावर काम छापलं. हे आम्ल गाई-मेंढ्यांसारख्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या दुधात आणि मांसात असतं, आपलं शरीर ते बनवत नाही. ते दिल्यावर उंदरांतल्या मारक टी-पेशींची गाठीत शिरण्याची आणि मारण्याची ताकद वाढली. टी-पेशींचे उपचार घेतलेल्या पेशंटपैकी ज्यांच्या रक्तात ते जास्त, त्यांना गुण जास्त आल्याचंही दिसलं. यावरून रोज वाटीभर तूप प्या असा निष्कर्ष काढणं म्हणजे त्या संशोधनावर अन्याय आहे. ठरावीक प्रमाणातला एक पदार्थ आणि तुपाची वाटी यांत फार अंतर आहे.

मग ज्यांना आजार झालेलाच नाही, त्यांनी काय करायचं? इथं मी एकदम वेगळं बोलते, आणि लोकांना वाटतं मॅडम सोयीनुसार बदलतात. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये सगळा पुरावा तपासून सांगितलं की अंगावरची जास्तीची चरबी टाळली तर १३ प्रकारच्या कॅन्सरचा धोका कमी होतो. त्यांत पाळी गेल्यानंतरचा स्तनाचा कॅन्सर, गर्भाशयाच्या अस्तराचा, मोठ्या आतड्याचा, स्वादुपिंडाचा, मूत्रपिंडाचा, पित्ताशयाचा हे आहेत. पाळी गेल्यावर बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीच्या थरात बनतं. थर जाड तर इस्ट्रोजेन जास्त, आणि स्तनाच्या बऱ्याच गाठी त्यावरच वाढतात. २०१८ मध्ये आयर्लंडमधल्या लिडिया लिंच यांच्या गटानं असंही दाखवलं की लठ्ठपणात नैसर्गिक मारक पेशी स्वतःच मेदानं भरून जातात आणि कॅन्सरची पेशी समोर असूनही तिच्यावर वार करू शकत नाहीत.

मला यात आपल्या विडी कामगार बायका डोळ्यासमोर येतात. मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, सकाळपासून मान खाली. दिवसभर हात तेवढे हलतात, बाकी अंग हलत नाही. चाळिशी-पन्नाशीत पोट सुटतं, गुडघे धरतात, मग चालणं आणखी कमी. या बायकांना मी तेल मोजून वापरायला सांगते, पिशवीतून थेट कढईत ओतायचं नाही म्हणते, संध्याकाळी चालायला पाठवते. छातीत गाठ लागली तर बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल जिल्ह्यातच आहे, लाजून घरात बसू नका हेही सांगते. १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी बार्शीत सुरू झाली, हे कितीतरी सोलापूरकरांना माहीत नाही.

आणि इथंही सगळं सरळ नाही. २०१९ मध्ये असं दिसलं की लठ्ठपणात टी-पेशी थकतात, त्यांच्यावर पीडी-१ हे थांबवणारं बटण वाढतं, त्यात चरबीतून येणाऱ्या लेप्टिन या हार्मोनचा हात असतो. पण नेमकं ते बटण अडवणारं इम्युनोथेरपीचं औषध दिलं, तर लठ्ठ उंदरांत आणि काही गटांतल्या लठ्ठ पेशंटमध्ये ते जास्त लागू पडलं. यावरून कुणी वजन वाढवायला घेऊ नये, एवढंच म्हणते आणि पुढं जाते.

स्तनाच्या कॅन्सरमधून बऱ्या झालेल्या बायका कमी तेलाबद्दल हमखास विचारतात. यावर अमेरिकेत दोन मोठ्या चाचण्या झाल्या. २००६ ला निष्कर्ष आलेल्या पहिल्या चाचणीत २,४३७ बायका होत्या. चरबी बरीच कमी केलेल्या गटात पाच वर्षांच्या आसपास आजार उलटण्याचं प्रमाण ९.८ टक्के, दुसऱ्या गटात १२.४ टक्के. पण कमी तेलवाल्या गटाचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे श्रेय तेलाचं की वजनाचं हे वेगळं काढता येत नाही. २००७ च्या दुसऱ्या चाचणीत ३,०८८ बायका होत्या. त्यांनी भाज्या-फळं खूप वाढवली, चरबी कमी करायचा प्रयत्न केला, वजन मात्र फारसं बदललं नाही, आणि दोन गटांत काही फरक पडला नाही. मी यातून वजन आटोक्यात ठेवायचा धडा घेते. या दोन्ही चाचण्या उपचार संपलेल्या, बऱ्यापैकी धडधाकट बायकांच्या होत्या. किमो चालू असलेल्या, वजन घटणाऱ्या माणसाला त्यांचा निष्कर्ष लावता येत नाही.

वजन घटणाऱ्या पेशंटसाठी युरोपातल्या क्लिनिकल न्यूट्रिशनच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं आम्ही वापरतो. दर किलो वजनामागं दिवसाला २५ ते ३० किलोकॅलरी, एक ते दीड ग्रॅम प्रथिनं. आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की वजन घटत असेल आणि शरीर इन्सुलिनला दाद देत नसेल, तर ऊर्जेतला चरबीचा वाटा पिठूळ पदार्थांच्या मानानं वाढवा. वाढवा म्हटलंय. कॅन्सरमुळे वाळणाऱ्या माणसाचं शरीर साखर नीट वापरत नाही, चरबी मात्र वापरतं. शिवाय एक ग्रॅम चरबीत ९ किलोकॅलरी, पिठात आणि प्रथिनात ४. चार घासांवर ज्याचं पोट भरतं, ज्याला गिळताना डोळ्यांत पाणी येतं, त्याच्या त्या चार घासांत जास्तीत जास्त भरायचं तर चरबीशिवाय दुसरा मार्ग नाही.

मामांसाठी मावशींना मी हे करायला सांगितलं. ज्वारीच्या कण्या भरपूर पाण्यात अगदी मऊ शिजवायच्या आणि मिक्सरमधून काढायच्या. शेंगदाणे भाजून सालं पाखडून टाकायची, थोडं मीठ घालून तेल सुटेपर्यंत वाटायचे. तिखट नाही, लसूण नाही, कारण रेडिएशनच्या शेकानं तोंड सोललेलं असतं, मिरचीचा कणही सहन होत नाही. हे वाटण दोन मोठे चमचे कण्यांत घालायचं, वर दूध आणि दोन चहाचे चमचे तूप. कोमट असतानाच द्यायचं. नुसत्या तुपाच्या त्या दोन चमचांतून ९० किलोकॅलरी मिळतात. शेंगदाण्यांतून चरबीबरोबर प्रथिनंही. दुधीच्या पाण्यानं ते भागत नव्हतं. मावशींनी विचारलं, "म्हणजे ही बिनतिखटाची शेंगा चटणीच की मॅडम?" तीच. त्या हसल्या, बऱ्याच दिवसांनी हसल्यासारख्या.

रेडिएशन संपेपर्यंत मामांचं वजन आणखी फार उतरलं नाही. मधे खाडा पडला नाही, हे मला वजनापेक्षा मोठं वाटलं. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये अशक्तपणामुळे रेडिएशनमध्ये खंड पडला, की उपचाराचा परिणाम घटतो.

मेद आणि कॅन्सर यावरची औषधं येऊ घातली आहेत. फॅटी ॲसिड सिंथेज अडवणारं डेनिफॅनस्टॅट माणसांवरच्या चाचण्यांत आहे, सीडी-३६ वरही काम चालू आहे. ती आली तर गाठीचा वाटा नेमका तोडता येईल आणि पेशंटचा शाबूत राहील. स्वयंपाकघरातून असं निवडून तोडता येत नाही.

काही पेशंटना मात्र चरबी खरोखर कमी करावी लागते, आणि ते वेगळं सांगते, नाहीतर हे वाचून कुणी तिथंही तूप वाढेल. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये पाचक रस कमी पडतो. संडास तेलकट, फिकट, पाण्यावर तरंगणारी, फार वासाची होत असेल तर चरबी पचत नाहीये. त्यावर एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या असतात, रिकाम्या पोटी नाही. त्या नीट सुरू झाल्या की बहुतेकांना चरबी पुन्हा चालते. दुसरं, तोंडाच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी काढताना कधी कधी आतड्यातून मेद वाहून आणणारी नळी दुखावते. मग मानेच्या ड्रेनमध्ये दुधासारखा पांढरा द्रव यायला लागतो. तेव्हा नेहमीचं तेल-तूप थांबवून, त्या नळीतून न जाता थेट रक्तात शोषली जाणारी मध्यम साखळीची चरबी देतात, ती पावडर किंवा तेल म्हणून वेगळी मिळते. खोबरेल घरात आहे म्हणून त्यानं भागवू नका, त्यातली बरीचशी चरबी त्या नळीतूनच जाते. ड्रेन स्वच्छ झाला आणि सर्जननी सांगितलं की नेहमीचं तेल परत सुरू करायचं. हे मुद्दाम विचारा, कारण बंद करायचं सांगितलेलं सगळ्यांच्या लक्षात राहतं, सुरू करायचं सांगायचं मात्र गडबडीत राहून जातं.